लॅपटॉपचे वजन : छापील आणि खरे

कार्यालयीन कामासाठी लॅपटॉप घ्यायचा म्हटले की प्रोसेसर, मेमरी आणि किंमत यांची चौकशी बारकाईने होते. वजनाची चौकशी मात्र दुकानात यंत्र हातात घेऊन ‘हलका वाटतो’ एवढ्यावर संपते. वास्तविक कमी पडलेली मेमरी अनेक यंत्रांत नंतर वाढवता येते, साठवणूक बदलता येते. वजन मात्र खरेदीच्या दिवशी ठरते आणि पुढची चार-पाच वर्षे तेच खांद्यावर राहते. विरारहून किंवा कल्याणहून रोज उभ्याने प्रवास करणाऱ्याला, गर्दीत पाठीवरची बॅग छातीवर घेऊन तास-सव्वा तास काढणाऱ्याला पाचशे ग्रॅमचा फरक म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. त्याला हवा असतो तो खरा आकडा आणि नेमका तोच जाहिरातीत सापडत नाही.

जाहिरातीत जो आकडा असतो, त्याच्या मागे किंवा पुढे बारीक अक्षरांत ‘पासून’ हा शब्द असतो. सगळी गोम त्या शब्दात आहे.

‘पासून’ म्हणजे कुठपासून?

व्यावसायिक वापराचे लॅपटॉप एका नावाखाली अनेक रूपांत विकले जातात. पडदा स्पर्शाचा किंवा साधा, बॅटरी लहान किंवा मोठी, झाकण एका धातूचे किंवा दुसऱ्या. यांच्या जोड्यांतून एकाच मॉडेलची पाच-पन्नास रूपे तयार होतात. कंपनी माहितीपत्रकात देते ते वजन यांतल्या सर्वात हलक्या रूपाचे असते. ते खोटे नसते. परंतु ग्राहकाच्या हाती येणारे यंत्र त्या रूपाचे असेलच असे नाही, आणि भारतात काही ठरावीक रूपेच विक्रीला येत असल्याने सर्वात हलके रूप इथे मिळतच नाही, असेही घडते.

एचपी कंपनीने २०१९ मध्ये ‘एलिट ड्रॅगनफ्लाय’ हा लॅपटॉप बाजारात आणला तेव्हा त्याचे वजन एक किलोपेक्षा कमी, म्हणजे ९९० ग्रॅमपासून असल्याचा गाजावाजा झाला. हे वजन ३८ वॅट-तासांची लहान बॅटरी असलेल्या रूपाचे होते. दिवसभर टिकेल अशी ५६ वॅट-तासांची बॅटरी घेतली की तेच यंत्र ११०० ग्रॅमच्या पुढे जात असे. ‘एक किलोच्या आत’ आणि ‘दिवसभराची बॅटरी’ ही दोन्ही वचने खरी, फक्त ती एकाच यंत्रात एकत्र नांदत नव्हती.

लेनोवोच्या ‘थिंकपॅड टी-४८०’चे उदाहरण याहून बोलके आहे. २०१८ सालचे हे यंत्र आज नूतनीकृत मालाच्या बाजारात, मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यापासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत विकले जाते. त्याच्या आत २४ वॅट-तासांची एक बॅटरी असते आणि मागच्या बाजूला काढघाल करता येणारी दुसरी. ही दुसरी बॅटरी २४, ४८ किंवा ७२ वॅट-तासांची असू शकते. सर्वात लहान आणि सर्वात मोठी यांच्या वजनांत दोनशे ग्रॅमच्या आसपास फरक पडतो. जुने यंत्र घेणारा ग्राहक संकेतस्थळावर सुमारे १.६ किलो हा आकडा वाचतो आणि दुकानदार त्याला कोणती बॅटरी लावून देतो, ते मात्र यंत्र उलटे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. मोठी बॅटरी तळाशी फुगवट्यासारखी बाहेर येते, ही तिची सोपी खूण.

प्रोसेसरचाही वाटा असतो. खरे तर प्रोसेसरचा नव्हे, त्याला थंड ठेवणाऱ्या तांब्याचा आणि पंख्यांचा. ॲपलच्या २०२३ सालच्या १४ इंची ‘मॅकबुक प्रो’मध्ये एम-३ प्रोसेसर घेतल्यास वजन १.५५ किलो, एम-३ प्रो घेतल्यास १.६१ आणि एम-३ मॅक्स घेतल्यास १.६२ किलो असे कंपनीनेच जाहीर केले होते. रूपागणिक वेगळा आकडा देण्याची ही पद्धत सर्वांनी स्वीकारली असती तर प्रस्तुत लेखाची निम्मी गरज उरली नसती.

काच, बॅटरी आणि कवच

लॅपटॉपमध्ये वजन नेमके कुठे असते, याबद्दल ग्राहकांच्या कल्पना अजून जुन्या आहेत. डीव्हीडी ड्राइव्ह आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क होती त्या काळात त्या काढल्या की यंत्र हलके होई. ड्राइव्ह दीडशे ग्रॅमच्या आसपास, डिस्क शंभरच्या आसपास. आताची चिपांची साठवणूक पट्टी दहा ग्रॅमही भरत नाही. त्यामुळे ५१२ जीबी घ्यावी की एक टीबी, आठ जीबी मेमरी घ्यावी की सोळा, या प्रश्नांचा वजनाशी आता काहीही संबंध राहिलेला नाही.

संबंध आहे तो काचेशी. स्पर्शाच्या पडद्यावर बहुधा एक जादा काच असते. १४ इंची, १६ः१० प्रमाणाचा पडदा सुमारे ३० सेंटिमीटर रुंद आणि १९ सेंटिमीटर उंच असतो. त्यावर ०.७ मिलिमीटर जाडीची काच बसवली आणि काचेची घनता पाण्याच्या अडीचपट धरली, तर तिचे वजन शंभर ग्रॅमच्या घरात जाते. हिशेबपत्रके भरणारा, पत्रे लिहिणारा ग्राहक पडद्याला बोट कितीदा लावतो, याचा विचार करूनच हे शंभर ग्रॅम विकत घ्यावेत. शिवाय हे वजन झाकणात, म्हणजे वरच्या भागात असल्याने मांडीवर ठेवलेले यंत्र मागे कलंडण्याची शक्यताही वाढते.

बॅटरीचे गणित सरळ आहे. लिथियम-आयन बॅटरीत वेष्टण आणि जोडण्या धरून एका किलोत साधारण दोनशे ते अडीचशे वॅट-तास ऊर्जा मावते. म्हणजे ५७ वॅट-तासांची बॅटरी अडीचशे ग्रॅमच्या आसपास, ८६ वॅट-तासांची चारशेच्या जवळपास. ही मर्यादा रसायनाची आहे आणि ती कोणत्याही कंपनीला चुकलेली नाही. एखादे यंत्र त्याच्या जोडीच्या यंत्रांपेक्षा अचानक फार हलके दिसले, तर पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. जपानमध्ये फुजित्सूने २०२० मध्ये आणलेल्या १३.३ इंची लॅपटॉपचे वजन अवघे ६३४ ग्रॅम होते. त्यातली बॅटरी होती २५ वॅट-तासांची.

उरलेला भाग कवचाचा. ॲल्युमिनियमची घनता २.७, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची १.८ च्या आसपास आणि कार्बन तंतूंच्या मिश्रपदार्थाची त्याहूनही थोडी कमी. थंड, गुळगुळीत ॲल्युमिनियम हाताला दर्जेदार वाटते. मॅग्नेशियम रंग चढवल्यावर प्लॅस्टिकसारखे भासते. परिणामी हलके आणि महाग यंत्र दुकानात स्वस्त वाटते आणि जड यंत्र भारदस्त. एलजीच्या ‘ग्रॅम’ मालिकेतील १७ इंची लॅपटॉप मॅग्नेशियमच्या कवचामुळेच ८० वॅट-तासांची बॅटरी बाळगूनही १.३५ किलोवर राहू शकला. पडदा मोठा म्हणजे यंत्र जड, हा समजही त्यामुळे सरसकट खरा नाही. मात्र स्वस्त श्रेणीत तो अजून बऱ्याच अंशी खरा आहे.

हाताने तोलण्यावर तर मुळीच विसंबू नये. सारख्याच वजनाच्या दोन वस्तूंपैकी मोठी वस्तू हाताला हलकी वाटते. फ्रेंच वैद्य ऑगस्तीन शार्पांतिए यांनी १८९१ मध्येच हा भ्रम नोंदवला होता. रुंद आणि चपटा लॅपटॉप हातात घेताच ‘अरे, काहीच वजन नाही’ असे उद्गार निघतात, त्यामागे पुष्कळदा हाच भ्रम असतो.

चार्जर कोण मोजणार?

छापील वजनात न येणारी सर्वात मोठी वस्तू म्हणजे चार्जर. १.२ किलोचा लॅपटॉप घेतला आणि रोज त्यासोबत चार्जर नेला, तर नेलेले वजन १.२ किलो नसते. कंपनीने दिलेला जुन्या घडणीचा ६५ वॅटचा चार्जर, त्याची जाड केबल आणि आपल्याकडचा तीन पिनांचा दणकट प्लग मिळून तीनशे-साडेतीनशे ग्रॅम सहज होतात. अभियंते आणि चित्रफितींचे संपादक वापरतात त्या शक्तिशाली यंत्रांचे १७० ते २३० वॅटचे चार्जर पाऊण किलोच्या घरात किंवा त्याहूनही पुढे जातात. अशा यंत्राचे वजन माहितीपत्रकात सव्वादोन किलो असले, तरी बॅगेत तीन किलो जातात.

इथेच खरेदीचा निर्णय उलटा फिरू शकतो. समजा, दोन लॅपटॉप समोर आहेत. एक ११५० ग्रॅमचा, ४० वॅट-तासांची बॅटरी असलेला. दुसरा १२८० ग्रॅमचा, ५७ वॅट-तासांचा. पहिला हलका, म्हणून तो घ्यावा असे वाटते. पण पहिल्याची बॅटरी दुपारी चारला मान टाकत असेल, तर त्याच्यासोबत चार्जर रोज न्यावा लागेल आणि एकूण भार दीड किलोच्या जवळ जाईल. दुसरा संध्याकाळपर्यंत तग धरत असेल, तर चार्जर घरीच राहील आणि भार १२८० ग्रॅमच. १३० ग्रॅम जड असलेले यंत्र दोनशे ग्रॅम हलके पडले! तेव्हा ‘हा लॅपटॉप किती वजनाचा’ यापेक्षा ‘हा लॅपटॉप चार्जरशिवाय माझा दिवस काढील का’ हा प्रश्न आधी विचारणे शहाणपणाचे.

ज्यांची बैठक ठरलेली आहे, त्यांच्यासाठी उपाय आणखी सोपा आहे. एक चार्जर कार्यालयात, एक घरी. यूएसबी-सी जोडणीने चार्ज होणाऱ्या लॅपटॉपसाठी गॅलियम नायट्राइड तंत्रज्ञानाचा ६५ वॅटचा छोटा चार्जर दोन-तीन हजार रुपयांत मिळू शकतो आणि त्याचे वजन शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास असते. तीनशे ग्रॅम हलका लॅपटॉप घ्यायचा झाल्यास किमतीत पडणारा फरक याच्या कितीतरी पट असतो. असा चार्जर घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक आहे ना, हे पाहावे. केबलही तपासावी. ६५ वॅटसाठी २० व्होल्टला ३.२५ अँपिअर वीज वाहावी लागते. तीन अँपिअरची साधी यूएसबी-सी केबल ६० वॅटवरच थांबते आणि मग दोष चार्जरला दिला जातो.

कीबोर्ड सुटा होणाऱ्या यंत्रांत हाच प्रकार वेगळ्या रीतीने घडतो. मायक्रोसॉफ्टच्या २०१९ सालच्या ‘सरफेस प्रो ७’चे वजन ७७५ ग्रॅमपासून सांगितले गेले, त्यात कीबोर्डचे आवरण धरलेले नव्हते. ते ३१० ग्रॅमचे. ते लावल्याशिवाय त्या यंत्रावर धड पत्रही लिहिता येत नाही, म्हणजे कामाचे वजन १०८५ ग्रॅम, अधिक चार्जर.

खोक्यावर काय लिहिलेले नसते

तांदूळ, साबण, बिस्किटे यांच्या वेष्टनावर निव्वळ वजन छापणे बंधनकारक असते, तसे ते लॅपटॉपच्या खोक्यावरही असेल असा ग्राहकाचा समज असतो. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ अन्वये निव्वळ प्रमाण लिहावेच लागते. परंतु नगावर विकल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी ते प्रमाण म्हणजे नगांची संख्या. लॅपटॉपच्या खोक्यावर त्यामुळे ‘१ नग’ असे असते. किंमत असते, आयातदाराचे नाव असते, वजन नसते. कधी एखाद्या कोपऱ्यात किलोग्रॅममधला आकडा दिसतो. तो वाहतुकीसाठी, खोका, थर्माकोल आणि चार्जर यांसह असतो. ऑनलाइन विक्रीच्या पानांवर ‘वस्तूचे वजन’ म्हणून पुष्कळदा हाच खोक्याचा आकडा चिकटवलेला आढळतो, आणि दीड किलोचा लॅपटॉप अडीच किलोचा दिसतो. उलटही होते: एकाच पानावर पाच रूपे विकायला ठेवलेली आणि वजन मात्र सगळ्यांत हलक्याचे.

विश्वासार्ह आकडा हवा असेल तर जाहिरात सोडून कंपनीच्या तांत्रिक दस्तऐवजाकडे जावे. लेनोवो आपल्या प्रत्येक मॉडेलचा तपशील ‘पीएसआरईएफ’ नावाच्या संदर्भसाठ्यात ठेवते, एचपी ‘क्विकस्पेक्स’ या नावाने, तर डेलच्या पुस्तिकांत तपशिलाचे वेगळे प्रकरण असते. ही सर्व माहिती इंटरनेटवर मोफत मिळते. अनेक मॉडेलांच्या बाबतीत तिथे पडद्याच्या आणि बॅटरीच्या प्रकारानुसार वजन दिलेले असते. तळटीपा अवश्य वाचाव्यात. वजन जुळणीनुसार आणि उत्पादनप्रक्रियेनुसार बदलू शकते, ही ओळ बहुतेक कंपन्यांच्या तळटीपेत असते आणि ती कायदेशीर ढाल आहे. तिच्या आधारे नंतर तक्रार फेटाळली जाऊ शकते. म्हणूनच मॉडेलचे लोकप्रिय नाव नव्हे, तर यंत्राचा संपूर्ण उत्पादन क्रमांक दुकानदाराकडून आधी लिहून घ्यावा आणि तो घेऊन शोध घ्यावा.

अमेरिकी परीक्षणे वाचणाऱ्यांनी पौंडांचे रूपांतर स्वतः करावे. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, तीन पौंडांचा लॅपटॉप १.३६ किलोचा होतो, दीड किलोचा नव्हे. आणि ‘१.५ किलो’ असा एकाच दशांशाचा आकडा दिसला तर तो १.४५ पासून १.५४ पर्यंत काहीही असू शकतो.

काट्यावर

एवढे सारे करण्यापेक्षा तोलून पाहणे केव्हाही सोपे. स्वयंपाकघरातला पाच किलोपर्यंतचा डिजिटल काटा एका ग्रॅमपर्यंत वजन दाखवतो आणि त्या कामाला उत्तम आहे. अडचण एवढीच की लॅपटॉप ठेवल्यावर आकडे झाकले जातात. काट्यावर आधी एक उंच, रिकामे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि त्यावर लॅपटॉप मध्यावर ठेवावा. माणसाचे वजन करायच्या काट्याचा उपयोग नाही. तो शंभर ग्रॅमच्या टप्प्यांनी पुढे सरकतो आणि यंत्रासह व यंत्राविना असे दोनदा उभे राहून केलेल्या वजाबाकीत चूक दुप्पट होते. प्रवासी सामान तोलायचा हूकचा काटा खिशात मावतो, त्यावर कापडी पिशवीत घालून लॅपटॉप दुकानातच तोलता येतो. मोठ्या दालनात मांडलेल्या यंत्राला चोरीविरोधी तार जोडलेली असते, ती वजनात येणार नाही याची काळजी घ्यावी. आणि मांडलेले यंत्र विक्रीच्या यंत्राच्याच जुळणीचे आहे का, हेही विचारावे. ऑनलाइन मागवलेला लॅपटॉप परत करण्याची मुदत संपण्याआधी, शक्यतो पहिल्याच दिवशी, चार्जरसह आणि चार्जरविना तोलून ठेवावा.

तोलायचेच आहे तर संपूर्ण बॅगही एकदा तोलावी. लॅपटॉप १.४ किलो, चार्जर ०.३२, माऊस ०.१, बॅग ०.९, लिटरभर पाण्यासह स्टीलची बाटली १.३, डबा ०.८, बेरीज ४.८२ किलो. यात लॅपटॉपचा वाटा जेमतेम तीस टक्के. शालेय मुलाच्या दप्तराचे वजन त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असा आदेश महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये काढला. नोकरदाराच्या दप्तराचा विचार अद्याप कोणी केलेला नाही. ज्याच्या कार्यालयात पिण्याचे पाणी मिळते, त्याने एक किलो वजन कमी करण्यासाठी नवा लॅपटॉप घेण्याची गरज नाही.

हलकेपणाचे मोल

हलके यंत्र फुकट मिळत नाही. वजन उतरवण्यासाठी जोडण्यांची छिद्रे कमी केली जातात, मग प्रोजेक्टर आणि नेटवर्कच्या केबलसाठी वेगळे जोडसाधन बाळगावे लागते. मेमरी मुख्य फलकावरच डाखलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. पंखे लहान असल्याने मेच्या उकाड्यात यंत्र मंदावते. लेनोवोने २०२४ मध्ये जाहीर केलेला ‘एक्स-१ कार्बन’चा तेरावा अवतार ९८६ ग्रॅमपासून सुरू होतो, या मालिकेचा २०१२ सालचा पहिला लॅपटॉप १.३६ किलोचा होता. बारा वर्षांत पावणेचारशे ग्रॅम घटले, पण ही मालिका आजही कंपनीच्या महाग यंत्रांतच मोडते.

मजबुतीचा प्रश्न वेगळा. त्याचे उत्तर जपानमध्ये शोधले गेले, कारण तिथल्या लोकलगाड्यांची गर्दी मुंबईकराला ओळखीची वाटावी अशी. पॅनासोनिकची ‘लेट्स नोट’ ही तिथे लोकप्रिय असलेली मालिका हलकी असूनही गर्दीतल्या चेपाचेपीचा विचार करून बनवली जाते. तिच्या झाकणावर मोटारीच्या बॉनेटसारखे उंचवटे असतात आणि १०० किलोग्रॅम भाराच्या दाबाखाली तिची चाचणी होते. आपल्याकडे हलका लॅपटॉप घेणाऱ्याने झाकण मध्यावर हलकेच दाबून पाहावे. पडद्यावर लाटा उमटल्या, तर ते यंत्र छातीवरच्या बॅगेत फार काळ सुखाने राहणार नाही.

कर्मचाऱ्यांसाठी एकदम शंभर-दोनशे लॅपटॉप घेणाऱ्या संस्थांच्या हाती मात्र सामान्य ग्राहकाला नसलेले एक साधन असते, ते म्हणजे निविदा. तिच्यात ‘वजन १.५ किलोपर्यंत’ एवढेच लिहिले की पुरवठादार छापील किमान आकड्यावर बोट ठेवून मोकळा होतो. त्याऐवजी ‘पुरवठा होणाऱ्या जुळणीचे, बॅटरीसह प्रत्यक्ष वजन’ आणि ‘चार्जर, केबल व प्लग यांसह वजन’ असे दोन स्वतंत्र आकडे मागावेत आणि माल स्वीकारताना खोक्यांतली चार-पाच यंत्रे काट्यावर ठेवण्याची अट घालावी.